मस्टर, माउस आणि सूनबाई

साहेब समोर असला की काम होतं, या एका सिद्धांतावर आमच्या पिढीने आख्ख्या नोकऱ्या काढल्या. मी बँकेत होतो. दहा वाजून दहा मिनिटांनी मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आणि त्यानंतर उगवणाऱ्याच्या नावापुढे लाल शाईची फुली पडायची. तीन फुल्या झाल्या की एक किरकोळ रजा कापली जायची. मग साहेब काचेतून हॉलवर नजर टाकायचे, सगळ्या माना खाली दिसायच्या, आणि शाखेचं काम जोरात चाललंय या समाधानात ते स्वतः डोळे मिटायचे. त्या माना निम्म्या तरी शब्दकोड्यावर वाकलेल्या असत, पण आडवे-उभे शब्द काचेतून ओळखू येत नाहीत. ज्याला चहाला जायचं असेल तो खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकून आणि उघड्या लेजरवर चष्मा ठेवून जायचा. एका सद्गृहस्थांनी तर त्यासाठी वेगळा चष्माच ऑफिसात ठेवला होता. त्याला नंबर नव्हता.

आमची सून आता घरातून टीम चालवते. टीममधली माणसं सांगलीला, नागपूरला, कुडाळला, हुबळीला आणि बंगळुरूला. क्लायंट न्यू जर्सीत. आणि साहेबीणबाई कोथरूडात, आमच्या मधल्या खोलीत, लोखंडी कपाटाला पाठ लावून बसलेल्या. कपाटालाच का, तर दुसऱ्या कुठल्याही भिंतीला पाठ केली की कॅमेऱ्यात एक तर वाळत घातलेले कपडे येतात, नाहीतर मी येतो. मी एकदा बनियनवर आलो होतो. तेव्हापासून नागपूरकर दर सोमवारी कामाचं बोलण्याआधी "बाबा बरे आहेत ना?" असं आवर्जून विचारतो.

हे सुरू झालं मार्च २०२० मध्ये. कंपनीने टेम्पोतून कॉम्प्युटर पाठवला, मागोमाग चाकांची खुर्ची पाठवली, आणि आम्हाला वाटलं पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे, खुर्चीवरचं प्लॅस्टिक काढायला नको. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने दूरसंचाराचे नियम ढिले केले. बीपीओसारख्या कंपन्यांना लागणारी नोंदणी गेली आणि बँक गॅरंटीची अटही गेली. 'बँक गॅरंटी' हे शब्द दिसले म्हणून मी ती बातमी शेवटपर्यंत वाचली. वाचून झाल्यावर मीच खुर्चीचं प्लॅस्टिक काढलं. सरकारने नियम बदलले म्हणजे पाहुणा मुक्कामाला आलाय, हे बँकेतल्या माणसाला कळतं.

खरं तर घरून काम ही काही करोनाची कल्पना नव्हे. अमेरिकेत जॅक निल्स नावाच्या एका शास्त्रज्ञाने १९७३ मध्येच ती मांडली होती. त्याच्यापुढचा प्रश्न रोगराईचा नव्हता, रस्त्यावरच्या गर्दीचा होता. सगळी माणसं रोज कामाकडे न्यायची, त्यापेक्षा काम माणसांकडे नेलं तर काय बिघडेल, असं त्याने विचारलं. ज्यांनी संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीतून बाहेर पडायचा प्रयत्न केला आहे, त्यांना हा माणूस भारतरत्नाच्या लायकीचा वाटेल. पण रस्ता तुंबला म्हणून कोणी माणसांना घरी बसवलं नाही. त्यासाठी साथ यावी लागली.

माझी शंका साधी होती. माणसं दिसत नाहीत, तर काम करतात हे कळतं कसं? सूनबाई म्हणाली, "बाबा, काम झालेलं दिसतं ना." हे उत्तर मला फारच उडवाउडवीचं वाटलं. काम झालेलं कोणालाही दिसेल. काम होत असताना दिसायला हवं, याच कारणासाठी तर जगात साहेब नेमतात.

माझ्या मताचा एक साहेब मला समोरच्याच फ्लॅटमध्ये सापडला. म्हणजे तो साहेब नोएडाला असतो, पण त्याचा अंमल आमच्या जिन्यापर्यंत पोचतो. समोरचा मुलगा त्याच्या हाताखाली. त्यांच्याकडे प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. माउस पाच मिनिटं हलला नाही की ठिपका पिवळा होतो, आणि पिवळा झाला की साहेबांचा "आहेस का?" असा मेसेज येतो. शिवाय मधूनमधून पडद्याचा फोटो आपोआप निघून वर जातो. मला ही व्यवस्था ऐकूनच बरं वाटलं. लाल शाईची फुली मेली नाही, तिने रंग बदलला एवढंच.

एके दिवशी तो मुलगा दारात. "काका, तुमच्याकडे सेकंद काट्याचं घड्याळ आहे का?"

माझ्याकडे एचएमटी आहे, चावीचं. एचएमटीने घड्याळांचा धंदा २०१६ मध्ये गुंडाळला, पण माझं घड्याळ अजून चालतं आणि ते रोज कोणालातरी सांगायची माझी इच्छा असते. नव्या पिढीला जुन्या मालाची किंमत कळली, या आनंदात मी ते फडक्याने पुसून दिलं. दुसऱ्या दिवशी घड्याळाची तब्येत विचारायला गेलो. घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं आणि त्याच्या तबकडीवर माउस बसवलेला. या माउसच्या पोटात दिवा असतो. त्याच्या खालून काही सरकलं की मालकाने हात हलवला अशी त्याची समजूत होते. सेकंद काटा खालून जायचा, पडद्यावरचा बाण केसभर हलायचा, ठिपका हिरवागार. पठ्ठ्या आत पोहे खात होता.

मी म्हटलं, "अरे, ही चक्क फसवणूक झाली."

"काका, रात्री अकरापर्यंत मीच काम करतो हो. पण दुपारी एखाद्या गोष्टीवर विचार करत बसलो की पिवळा होतो. मग त्या मेसेजला उत्तर देण्यात विचार जातो."

म्हणजे विचार करणारा माणूस त्या यंत्राच्या हिशेबी गैरहजर. हे मला चांगलंच पटलं, कारण आमच्या शाखेतही बिनचूक ताळा लावणारे एक गृहस्थ छताकडे बघत बेरीज करायचे, आणि साहेबांच्या डोळ्यावर सगळ्यात जास्त तेच यायचे. नंबर नसलेला चष्मा उघड्या लेजरवर ठेवणाऱ्यांना मात्र दोनदा बढती मिळाली.

पुढे २०२४ मध्ये पेपरात आलं की अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनावर कर्मचारी काढून टाकले, कारण ते कीबोर्डवर काम चालल्याचा खोटा देखावा करत होते. मी त्याच संध्याकाळी जाऊन घड्याळ परत आणलं. दुसरी कुठली कंपनी असती तर एक वेळ राहू दिलं असतं. बँक म्हटल्यावर मला गांभीर्य कळतं.

या बाबतीत साहेब आणि कारकून यांचे हिशेब कधी जुळत नाहीत, याला आकड्यांचाही आधार आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही चोख काम करतो. आणि ८५ टक्के वरिष्ठ म्हणाले, माणसं अशी विखुरल्यापासून ती चोख काम करतात असा भरवसा ठेवणं जड जातंय. बँकेत जमा आणि नावे बाजू जुळल्या नाहीत की तो फरक सस्पेन्स खात्यात टाकायचा आणि घरी जायचं. कंपन्यांनी तो फरक हिरव्या ठिपक्यात टाकला. ज्या झूमच्या जिवावर जगाने घरून काम केलं, त्या झूमनेच ऑगस्ट २०२३ मध्ये ऑफिसच्या ५० मैलांच्या आत राहणाऱ्या आपल्या माणसांना सांगितलं, आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष येत चला.

आणि लांबून कारभार करण्याचं म्हणाल, तर आपला देशच मुळी तसा चालवला गेला. जॉन स्टुअर्ट मिल हा थोर तत्त्वज्ञ १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. हिंदुस्थानात पाठवायचे खलिते तो लिहायचा. हिंदुस्थानात एकदाही आला नाही. त्याचे वडीलही त्याच कचेरीत. त्यांनी नोकरी लागण्याआधी १८१७ मध्ये हिंदुस्थानचा जाडजूड इतिहास लिहिला, तोही इथे पाऊल न ठेवता, आणि न गेल्यामुळेच आपल्याला नीट दिसतं असं प्रस्तावनेत वर सांगितलं. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पत्र यायला महिनोन् महिने लागत. लंडनहून "असं अजिबात करू नका" हे येईपर्यंत इथे ते करून, त्यावर बक्षीस घेऊन, करणारा निवृत्तही झालेला असे. पण एक कबूल केलं पाहिजे. धाकट्या मिलने याच नोकरीत असताना तर्कशास्त्रावर आणि अर्थशास्त्रावर दोन मोठे ग्रंथ लिहिले. त्याच्या नावापुढे ठिपका असता तर तो दिवसभर पिवळा दिसला असता, आणि आपण दोन ग्रंथांना मुकलो असतो.

सूनबाईकडे वळतो. तिच्याही पडद्यावर ठिपके आहेत, पण ती तिकडे बघत नाही. ती लिहिते. सकाळी चहा घेऊन बसते आणि कोणाला काय करायचंय ते साध्या भाषेत लिहून सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ठेवते. मी एकदा मागून वाचलं (कपडे बदलून गेलो होतो). कुडाळच्या नव्या मुलीसाठी होतं. काय करायचं, कशासाठी, शुक्रवारी चारपर्यंत, अडलं तर हुबळीकरांना विचार, ते नसतील तर मला. आणि खाली वेगळी ओळ: 'झालं' म्हणजे नेमकं काय काय झालेलं असलं पाहिजे. ही शेवटची ओळ आमच्या आयुष्यात कोणी लिहिली नाही. आम्हाला झोनल ऑफिसची सर्क्युलरं यायची. आठ कलमं, त्यात चार आधीच्या सर्क्युलरांचे संदर्भ, आणि वर 'तात्काळ' असा शिक्का. तो शिक्का सगळ्यांवरच असल्यामुळे, एखादा कागद बिनशिक्क्याचा आला की तो खरोखर तातडीचा असावा म्हणून आम्ही घाबरून आधी तोच उघडायचो. सूनबाई सांगते की गिटलॅब नावाची एक कंपनी आहे, तिला ऑफिसच नाही, माणसं देशोदेशी, आणि कसं काम करायचं याची त्यांची वही इंटरनेटवर कोणालाही वाचायला उघडी आहे. छापली तर हजारो पानं भरतील. मी म्हटलं, आमच्या बँकेचं मॅन्युअलही तेवढंच होतं, फक्त ते साहेबांच्या कुलपात असायचं.

ती कुडाळची मुलगी म्हणजे या सगळ्याची परीक्षाच. जुलैत तिच्याकडे पावसाबरोबर लाइट जाते, लाइटबरोबर टॉवर जातो, आणि रेंज हवी तर घरामागच्या सड्यावर जावं लागतं. पहिल्या आठवड्यात ती मीटिंगमध्ये निम्मी दिसे, निम्मी गोठलेली. नोएडाच्या साहेबांनी तिला पिवळी, लाल, काळी, काय काय ठरवलं असतं. सूनबाईने एवढंच सांगितलं, "शुक्रवारी चारला हवं. मधले तास तुझे." मुलगी पहाटे पाचला लाइट असताना काम करू लागली. काम गुरुवारीच आलं. मी म्हटलं, "योगायोग." सूनबाई हसली. सुना असं हसतात तेव्हा विषय बदलावा.

मला न पटणारी एक गोष्ट म्हणजे तिचे फोन. आठवड्यातून एकदा ती टीममधल्या प्रत्येकाला फोन लावते आणि गॅलरीत येरझाऱ्या घालत बोलते. व्हिडिओ नाही, साधा फोन. दिवसभर पडद्यावर स्वतःचंच तोंड बघून माणूस दमतो, म्हणते. यावर स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलन्सन नावाच्या प्राध्यापकांनी २०२१ मध्ये लिहिलंय म्हणे: चेहरे फार जवळ येतात, आपणच आपल्याला सतत दिसतो, जागचं हलता येत नाही, आणि मान डोलावणंसुद्धा मुद्दाम करावं लागतं. हे ऐकून मला आमच्या लग्नाच्या रिसेप्शनची आठवण झाली, पण ते असो. तर या फोनवर पहिली दहा मिनिटं कामाचा शब्द नाही. सांगलीत हळदीला काय भाव लागला, बंगळुरूकराच्या बाळाला दात आले का. मी याला सरळ गप्पा म्हणतो. बँकेत याला 'काउंटरवर टोळकं जमवणे' म्हणत आणि मेमो मिळे.

पण सांगलीकरांचं प्रकरण याच गप्पांत उलगडलं. गृहस्थ हुशार, पण काम लांबत चाललेलं. मीटिंगमध्ये विचारावं तर "होय मॅडम, होतंय मॅडम." तीन आठवडे 'होतंय'च्या पुढे गाडी जाईना. फोनवर हळदीवरून पावसावर आणि पावसावरून कामावर येता येता निघालं ते असं की, क्लायंटकडचा एक साहेब त्यांना परस्पर मेसेज करून एक सांगायचा आणि दुसरा बरोबर उलट सांगायचा. सांगलीकर दोघांनाही "येस सर" म्हणत होते. दिवसा एकाचं बांधायचे, रात्री दुसऱ्याचं म्हणून तेच सोडायचे. हिरवा ठिपका म्हणाल तर या माणसाचा चोवीस तास हिरवा होता! सूनबाईने न्यू जर्सीला एक ईमेल लिहिलं: यांना काही सांगायचं तर माझ्यामार्फत. पुढच्या बुधवारी काम पूर्ण. उत्तेजन द्यायचं म्हणजे भाषण ठोकायचं अशी आमच्या साहेबांची समजूत होती. २६ जानेवारीला ते पाऊण तास द्यायचे. हिने एका माणसाची डोकेदुखी काढून घेतली आणि वर काही बोललीही नाही.

आणखी एक पाहिलं. क्लायंटबरोबर मीटिंग असते तेव्हा "टीमने केलं" असं मोघम न म्हणता ती नाव घेऊन सांगते: हे कुडाळच्या हिने केलं, आता पुढचं तीच सांगेल. मग दोन मिनिटं ती मुलगी सड्यावरून न्यू जर्सीशी बोलते, मागे कुठेतरी गाय हंबरते. मी एकदा तालुक्याच्या शाखेत थकबाकी वसुलीची एक नवी पद्धत बसवली होती. ती झोनल ऑफिसच्या अहवालात आली, ढाल मिळाली, ढाल घेतानाचा फोटो आला. फोटोत वरचे साहेब होते. मला त्या फोटोची झेरॉक्स मिळाली.

नाव घेण्याला लांबच्या टीममध्ये जास्तच मोल आहे, याचा पुरावाही मिळाला. स्टॅनफर्डच्या निकोलस ब्लूम यांनी शांघायमधल्या एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये प्रयोग केला होता. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम त्यांना घरी बसवलं, विषमवाल्यांना ऑफिसात ठेवलं. नऊ महिने. घरी बसलेल्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. मी ती बातमी सूनबाईला फॉरवर्ड करणारच होतो, पण पुढे वाचलं. तेवढंच चांगलं काम करूनही घरच्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली. साहेबांना ते आठवतच नसावेत. आणि प्रयोग संपल्यावर हवं ते निवडा म्हटलं, तर निम्मे आपण होऊन ऑफिसात परत गेले. एकटं वाटतं म्हणाले. हा अख्खा निकाल मी फॉरवर्ड केला. सूनबाईचं उत्तर आलं, "म्हणून तर फोन." मधल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत मेसेज आला. आमच्या घरातली टीमही आता तशी रिमोटच आहे.

एकटं वाटू नये म्हणून कंपनीचा एचआर विभाग जे करतो, त्याबद्दल न बोललेलं बरं. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मौज असते आणि तिला हजेरी सक्तीची असते. एकदा ऑनलाइन अंताक्षरी झाली. आवाज प्रत्येकाकडे वेगवेगळ्या वेळी पोचतो, त्यामुळे हुबळीकरांनी गाणं संपवलं तेव्हा नागपूरकराकडे ते सुरू होत होतं, आणि 'म' वरून म्हणायचं की 'ल' वरून यावर जी चर्चा झाली तितकी चर्चा त्या टीममध्ये कामावरही होत नाही. गणपतीत तर आरतीच व्हिडिओवर. आम्ही घालीन लोटांगणपर्यंत आलो तरी न्यू जर्सीतले मराठी बंधू अजून पहिल्याच आरतीत होते, बंगळुरूच्या टाळ्या भलत्याच ठिकाणी पडत होत्या, आणि कोणाचा तरी माइक बंद करायचा राहिल्याने मधेच "अगं, नारळ कुठे ठेवलास?" हा प्रश्न पाच शहरांत घुमला. सगळे हसून लोटपोट झाले. नंतर सूनबाई म्हणाली, वर्षातला सगळ्यात चांगला कार्यक्रम हाच झाला. एचआरने तो ठरवलेला नव्हता.

घराने यासाठी काय सोसलं, तेही नोंदवून ठेवतो. अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली घड्याळं तासभर मागे घेते. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा. ते त्या रविवारनंतर होतात साडेसात. साडेसातला माझ्या बायकोची मालिका. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च ही मालिका आमच्या घरी आवाज बंद करून बघितली जाते, आणि कोण कोणाला का कानाखाली मारतंय याचा अर्थ आपापला लावावा लागतो. दाराला ओढणी अडकवलेली असली की मीटिंग चालू, असा संकेत आहे. ओढणी असताना मिक्सर नाही, बेल नाही, भाजीवाल्याशी घासाघीस खुणेने, आणि कुकर तर नाहीच. मीटिंगमध्ये शिट्टी झाली की क्लायंट विचारतो, कुठला अलार्म वाजला?

तेव्हा वाचणाऱ्यांत कोणी टीम चालवत असेल, तर त्याला माझी एकच विनंती आहे. मीटिंग संपली असं म्हणालात की ती संपवा, लाल बटण दाबा. "जाता जाता एकच मुद्दा" म्हणून पुढचा अर्धा तास काढू नका. तुमच्या हाताखालच्या प्रत्येकाच्या घरी दाराबाहेर कोणीतरी डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावायचं थांबलेलं असतं.